घडी

"ही बाई मला रोज फोन करते," ओतिएनो म्हणाला. "आवाज गोड आहे हो तिचा. पण सारखी रडते. कोण आहे ती?"

डॉ. सुरंगा केळसकरने त्याच्या हातातला फोटो पाहिला. ती त्याची बायको होती. दोन महिन्यांपूर्वी याच प्रयोगशाळेत सुरंगानेच त्याच्यावर स्मृतिचाळणी चालवली होती.

नियम साधाच होता. बांधील परवान्यावर आलेल्या परदेशी माणसाने एकाच मालकाकडे राबायचं, घरच्यांना आणायचं नाही. चार वर्षांनी मुक्त परवाना मिळे: हवी तिथे नोकरी करा, मुलाबाळांना बोलावून घ्या. फक्त निघण्याआधी मालकाच्या आवारातल्या आठवणी गाळून द्यायच्या, म्हणजे गुपितं बाहेर जात नाहीत. मेंदू प्रत्येक आठवणीवर जागेचा ठसा उमटवतो. चाळणी तो स्थानठसा ओळखून तेवढंच पुसते.

"पण याची बायको आवारात कधी आलीच नव्हती," ओतिएनो गेल्यावर ती म्हणाली. "तिच्यावर इथला ठसा कसा?"

तिची वरिष्ठ इल्सा चष्मा पुसत राहिली. "तुझ्या भाषेत सांगू? आठवण म्हणजे कपाटातली साडी. बाहेर काढलीस की पुन्हा घडी घालून ठेवावी लागते. जिथे घडी घातलीस, तिथला नवा ठसा. जुना जातो."

"म्हणजे कामावर असताना ज्यांची आठवण काढली..."

"ती माणसं गेली. ज्याला कुणाचीच आठवण येत नाही, तो ठणठणीत बाहेर पडतो. आपला अहवाल सुंदर दिसतो तो अशांच्या जिवावर."

सुरंगाचा हात आपसूक कोटाच्या खिशात गेला. तिथे एक विटकं झबलं होतं. दहा महिन्यांच्या शाल्मलीला गुहागरला वहिनीच्या ओटीत घालून ती इथे आली, त्याला चार वर्षं झाली होती. रोज दुपारी डबा उघडण्याआधी ती ते झबलं हुंगायची. रोज. इथेच, या खुर्चीवर.

आणि सोमवारी तिची स्वतःची चाळणी होती.

"परवाना नाकार," इल्सा म्हणाली.

"मग ती इथे कधीच येणार नाही."

इल्साने सुस्कारा सोडला. "मग सगळ्या घड्या बाहेर जाऊन घाल. आवाराबाहेर बस, एकेक आठवण काढ, तिथेच ठेव. पण त्यानंतर आत पाऊल टाकल्यापासून चाळणीच्या खाटेपर्यंत तिचा विचार करायचा नाही. दार तुला ठाऊक आहे. चाळणीच्या दिवशी एकदा आत घेतलं की ती होईपर्यंत उघडत नाही."

तीन दिवस सुरंगा रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून होती. जावळाचा वास. अंगाला पीठ लावताना केलेला आकांत. दूध पिताना चावलेला पहिला दात. फोनच्या पडद्यावर आ करून दाखवलेला चिकट भाताचा घास. एकही सुटू नये म्हणून ती बोटांवर मोजत होती. थंडीने बोटं काळीनिळी पडली, पण मन हलकं झालं.

सोमवारी सकाळी झबलं बाकावरच ठेवून ती उठली. दार ओलांडताना तिने पाढा धरला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.

मागे दार मिटलं.

"ताई, आज एवढी गुमसुम?" आतल्या चौकीवरचे शिगवणकाका उठून उभे राहिले. चार वर्षं या परमुलखात त्यांच्याशी दोन शब्द आपल्या भाषेत बोलल्याशिवाय तिचा दिवस सुरू झाला नव्हता.

एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. तिने नुसती मान हलवली आणि पाऊल उचललं.

"सुटलात की हो! आता आणा लेकीला. मी तर तिला बघितलीच नाही कधी." ते मनापासून हसले. "कुणावर गेलीय हो पोर?"

सुरंगाने ओठ घट्ट मिटले, डोळेही मिटले. पण आईचं मन! बाकावर नीट घडी घालून ठेवलेला तो चेहरा, गालावरच्या खळीसकट, दोन्ही हात पुढे करून, धावत आत आला.