पिवळी पिशवी

लघवीची पिशवी पिवळीच होती.

सिस्टरनी ती उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा खाटेला अडकवली. आरोग्यकेंद्रात फोन करून मुलानं त्यांना घाईनं बोलावलं होतं. दोन महिने औषध चालू असूनही त्याच्या बाबांच्या थुंकीत टीबीचे जंतू तसेच होते. बाबांना अर्धांगवायू. गिळता येत नाही, बोलता येत नाही. खाणं आणि औषध नाकातल्या नळीतून.

"औषध लागू पडत नाहीये का?" मुलानं विचारलं.

"लागू पडायला आधी पोटात जावं लागतं. या गोळ्यांनी लघवी केशरी होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. इथं थेंबभरही केशरी नाही."

मुलाची बहीण ताडकन वहिनीकडे वळली. "मी म्हणत नव्हते, दादा? गोळ्या कुटते कोण? हीच. काय कालवते कुणास ठाऊक!"

"वन्सं, तोंड सांभाळा."

"संध्याकाळी माहेरी निघायचं," मुलगा बायकोला म्हणाला. "बाळ इथंच राहील."

आत बाळ रडायला लागलं. सून जागची हलली नाही, पण तिचा ब्लाउज दुधानं भिजला.

"भांडायला दिवस पडलाय," सिस्टर म्हणाल्या. "हात दाखवा."

सुनेच्या नखांच्या कडा केशरी होत्या. मोरीतली औषधाची सिरिंजही आतून केशरी. सिस्टरनी बाबांच्या नाकापासची नळी बोटांत फिरवली. स्वच्छ, काचेसारखी.

"ही नळी कधी घातली?"

"तीन आठवडे झाले," मुलगा म्हणाला. "आधीची महिनाभर टिकली. पहिली तर आठवड्यातच तुंबली होती. काढताना नाकातून रक्त आलं."

"सिरिंज भरल्यावर पुढं काय होतं?"

"वन्संच्या हातात देते," सून म्हणाली. "नळीत त्याच सोडतात. मी नळी धुवायला कोमट पाणी आणते."

"आधीच आणून का ठेवत नाही?"

"त्यांना ताजंच लागतं. रोज."

सिस्टर खाटेपलीकडच्या खिडकीतून वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या.

"इकडे या सगळे."

खिडकीखालच्या पांढऱ्या भिंतीवर केशरी ओघळ होते. जुने फिके, आजचा ओला.

"सुनेच्या बोटांना रंग आहे, सिरिंजला आहे. म्हणजे स्वयंपाकघरातून औषध खरंच निघतं. नळीला नाही, लघवीला नाही. म्हणजे ते नळीपर्यंत पोचतच नाही. मधे एकच हात आहे, आणि पाण्याच्या निमित्तानं तो रोज एकटा उरतो." सिस्टर बाबांच्या लेकीकडे वळल्या. "नळीत तुम्ही नुसतं पाणी सोडता."

"तू?" मुलानं बहिणीकडे पाहिलं.

"हिनं जाडंभरडं कुटलं म्हणून नळी तुंबली!" लेक ओरडली. "तुम्ही सगळे बाहेर होतात. ती ओढताना बाबांचे हात मी धरले होते. ते माझ्याकडे बघून रडले, दादा. पुन्हा तुंबू द्यायची नव्हती मला."

"आणि पाप माझ्या माथी?" सून म्हणाली. "माझं लेकरू तोडायला निघालात?"

लेकीनं मान खाली घातली. नवरा काहीतरी बोलू लागला. "तुम्ही तर बोलूच नका," म्हणून सून बाळाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी लेकीला बसवून गोळ्या पिठासारख्या कुटायला लावल्या, पाण्यात विरघळवून घेतल्या. आधी पाणी, मग औषध, मग पुन्हा पाणी. नळी तुंबली नाही. बाबा तिच्याकडेच बघत होते.

दुपारी ती उशीचा अभ्रा घेऊन वहिनीसमोर उभी राहिली. बाबा पुन्हा रडले होते. अभ्र्यावर डोळ्याखालच्या जागी दोन केशरी ठिपके होते.

सुनेनं पाजता पाजता बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"भिजत घाला," ती म्हणाली. "आणि ती भिंतही घासा. तुमच्याच हातांनी."