न लागलेलं विरजण

"साहेब, चार दिवस तुमी निर्दोष बाई कोंडलीय, आन् ज्याला विचारायचं त्याला एक शब्द विचारला न्हाई."

मंगलनं झाकलेलं गाडगं फौजदाराच्या टेबलावर ठेवलं. ती गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासायची. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाकड्यावर मयताची बायको रंगूबाई आणि पुतण्या जयराज. गजाआड सून साक्षी.

सोमवारी सकाळी साक्षीनं दिलेलं दूध पिऊन माजी सुभेदार सयाजीनाना दहा मिनिटांत गेले. ओठ, गळा सुजून श्वास कोंडला. उरलेल्या दुधाला साक्षीनं विरजण लावलं. ते लागलंच नाही. तेवढ्यावर गावानं निकाल दिला.

"विटाळाचा हात लावला तिनं," रंगूबाई पुटपुटली. जबाबातही तेच होतं.

"इष घातलं! दही कसं लागंल?" जयराज खेकसला.

"काकी, त्या दुधाचा च्या तुमी पिला?" मंगलनं रंगूबाईला विचारलं.

"व्हय. साक्षीबी प्याली."

"काय झालं?"

"कायबी न्हाई."

"मग इष न्हवं. विटाळबी न्हवं. साक्षीच्याच वाटीतलं विरजण मी केंद्रावरच्या दुधाला लावलं. हे बघा."

तिनं गाडगं तिरकं केलं. घट्ट दही जागचं हललं नाही.

"विरजणात जिवाणू असत्यात, साहेब. जित्ते. कोमट दूध मिळालं की आंबवून दही करत्यात. हितं जगले. नानांच्या दुधात मेले. जिवाणू मारतंय, काकीला काय करत न्हाई, आन् नानांचा जीव घेतंय. काय असंल?"

साहेब गाडग्यावर वाकले.

"औषध. गाईला दगडी झाली, कास सुजली की तिच्यात सोडत्यात ती पेनिसिलीनची नळी. उकळून जात न्हाई. ते न लागलेलं दूध मी मंगळवारीच केंद्रावरच्या औषध वळखायच्या पट्टीवर तपासलं, औषध निघालं. आन् हे नानांचं लष्करातलं दवापाण्याच्या नोंदीचं पुस्तक. लाल शाईत लिवलंय: पेनिसिलीन देऊ नये, जिवाला धोका. तुमी झडती घेतली त्याच कपाटात हुतं."

ती जयराजकडं वळली.

"दूध कुणी आणलं?"

"मीच. रोज आणतो."

"तुज्या गाईला दगडी झालती?"

"न्हाई."

"मग सोमवारी केंद्रावर का आला न्हाईस? दोन वर्सांत तुजा खाडा न्हाई."

"गाय... आटली हुती."

"आटली? मग नानांच्या घरी दोन लिटर कुठनं आलं रं?"

जयराजनं ओठ चाटले.

"पट्टीवर सापडंल म्हणून केंद्राला न्हाई, चुलत्याला मातूर दिलंस. मागल्या साली पेनिसिलीनच्या सुईनं नाना मरता मरता वाचले, तवा उशाशी कोण हुतं?"

रंगूबाईचा हात तोंडावर गेला. "ह्योच हुता. डाक्टरनं ह्यालाच बजावलं हुतं..."

"मळा नावावर करंना म्हातारा," जयराज जमिनीकडं बघत म्हणाला.

कुलूप निघालं. साक्षी बाहेर आली, सासूकडं न बघता भिंतीला टेकून उभी राहिली. मंगल टेबलापासून हलली नाही.

"पुस्तक कपाटात हुतं, दूध चुलीपाशी हुतं. त्ये सोडून विटाळ लिवून घेतलात. कुठल्या कायद्यात बसतंय, साहेब? हिच्या तोंडावर सांगा."