रिलीव्हर आला का?

सुपेल्याच्या चौकात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान थाटलेला तेजराम असा बोलघेवडा, की गिऱ्हाईक नसलं तर बिघडलेल्या हॉर्नशी गप्पा मारायचा. पूर्वी तो कारखान्यात होता. भट्टीपुढे वाळत चाललेला नवरा बघून गयाबाईनेच शपथ घालून त्याला सोडवला होता. आज सकाळी तिने पुन्हा दम भरला होता, "हिराले पाहाले पावणे येऊन राहिले. संध्याकाळच्या भोंग्याआधी घरी या. तोंडाले आज कुलूप लावा जरा."

दुपारी वैशाली नगरचे विजयकुमार वडिलांची जुनी अ‍ॅम्बॅसडर घेऊन आले.

"तेजराम, हा रेडिओ काढून टाक. कॅसेटवाला टेप बसव."

"साहेब, कंपनीचा रेडिओ हाय. चांगला वाजते. कावून काढता?"

विजयकुमार गाडीकडे पाठ करून म्हणाले, "आई रोज दुपारी गाडीत जाऊन बसते. म्हणते, भय्याजी बोलून राहिले."

भय्याजी म्हणजे त्यांचे वडील, प्रेमलाबाईंचे यजमान, कारखान्यातले फोरमन. त्यांच्या जागी उभा राहणारा पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, एका दिवशी आलाच नाही. आणि रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा भट्टीवरचा नेम. त्याचीही शिफ्ट ओढून भय्याजी घरी निघाले, ते याच स्टिअरिंगवर गेले.

"काय बोलतेत भय्याजी?"

"मले नाही ऐकू येत," विजयकुमार घाईने म्हणाले. दोन पावलं जाऊन परत वळले. "आन् तू काम करताना गप्पा मारू नको. कोनाशीच."

तेजरामने आधी बॅटरीची तार सोडली. बटणं ओढून काढली, मागचे नट ढिले केले, आणि रेडिओ अलगद मांडीवर घेतला. डबा तापलेला होता. गाडी सावलीत, करंट बंद, तरी तापलेला. त्याने तो फळीवर ठेवला.

डॅशबोर्डला पडलेल्या भोकातून गरम वारा आला. वितळलेल्या लोखंडाचा, घामाने भिजून वाळलेल्या दुपट्ट्याचा वास. हा वास तेजरामच्या चांगल्या ओळखीचा.

"रिलीव्हर आला का?"

आवाज थकलेला, आर्जवी. तेजरामने फळीकडे पाहिलं. रेडिओ तुटक्या तारा सोडून गप्प पडला होता. आवाज भोकातून येत होता.

"आला का रे?"

तेजराम मागे सरकला. पण भट्टीवर या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि वर्षानुवर्षं ते देऊन जीभ घोटलेली. त्यात जीभ तेजरामची. भोकाशी वाकून तो बोलून गेला,

"आलो ना भाऊ! जाय तू घरी."

"लई वाट पाहाले लावली," आवाज म्हणाला.

तेजराम हसला. हसू समोरून ऐकू आलं.

डॅशबोर्डच्या भोकातून आता बाहेरचा उजेड येत होता. पलीकडे त्याचाच चेहरा, गालावर त्याचाच ग्रीसचा डाग. त्या चेहऱ्याने फडक्याला हात पुसले, नवा टेप उचलला आणि नीट, सावकाश उजेडावर बसवला.

एकेक स्क्रू आवळल्याचं ऐकू आलं.

मग सायकलचं स्टँड खडखडलं. शेजारच्या पानवाल्याने हटकलं, "का बे तेजराम, तुझं घर तिकडे कॅम्प-वनले. इकडे कुठी?"

"वैशाली नगर. प्रेमला चहा मांडून बसली असन."

भोंगा झाला.

पाठीमागे भट्टी धगधगत होती. तेजरामने पाय उचलून पाहिला. उचलेना.

विजयकुमार आले, गाडीत बसले. तोंडाशी आलेलं सगळं तेजरामने एका दमात ओरडायचं ठरवलं: गयाबाईले सांगा, पावणे आले असतीन, पोरगी माझी वाट पाहून राहिली. कॅसेट सुरू झाली. भजनाच्या पोटातून त्याचा आवाज बाहेर पडला.

"रिलीव्हर आला का?"

विजयकुमारांचा हात जागीच थबकला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि सरावलेल्या बोटांनी आवाज कमी केला.