तिसरं बटण

सोलापुरातल्या त्या अतिदक्षता विभागात हल्ली कुणी आधी रुग्णाकडे बघत नसे. आधी खाटेच्या उशाशी असलेल्या छोट्या पडद्याकडे नजर जायची, मग माणसाकडे. डॉ. शैलजा हिरेमठही त्याला अपवाद नव्हती. पाचव्या खाटेच्या पडद्यावर तिने अकराचा आकडा पाहिला आणि तिचा सगळा जीवच थकून गेला. आता पुन्हा तेच बोलायचं होतं.

सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग सगळ्या अंगात भिनला, की शरीर त्याच्याशी झुंजताना रक्तात खुणा सोडतं. कुठलं प्रथिन वाढतं, कुठलं आटतं. हे यंत्र शिरेतल्या नळीतून तासातासाला थेंबभर रक्त घेई, त्या रक्तखुणा वाचे आणि जगण्याची आशा शंभरात किती, ते सांगे. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. वॉर्डात सगळे त्याला 'कौल' म्हणत, देवाला लावतात तो. देवाचा कौल मात्र होता तसाच राहतो; हा शिकत असे. इथे कोण जगलं, कोण गेलं, हे पाहून तो स्वतःला सुधारत राही, आणि वरचेवर जास्तच बरोबर ठरू लागला होता. अंदाज चुकण्याचं ओझं डोक्यावरून उतरलं म्हणून शैलजाला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. ओझं उतरलं खरं, पण थकवा काही उतरला नाही.

पाचव्या खाटेवर अंबादास येमूल होता, यंत्रमागावरचा कामगार. पायाच्या साध्या जखमेवरून दुखणं इथवर आलं होतं. त्याची बायको पद्मा आणि थोरला भाऊ मल्लेशम बाहेरच्या बाकावर बसले होते. शैलजा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आम्ही आमच्याकडून सगळं करतोय," ती म्हणाली, "पण कौल अकरावर आलाय. आता तुम्ही घरच्यांनी ठरवायचं."

या वाक्याचा अर्थ सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नसे. माणसाने शेवटचा श्वास आपल्या घरात, आपल्या माणसांत सोडावा, तोंडात तुळशीपत्र पडावं, एवढीच त्यामागची इच्छा. दर आठवड्याला कुणी ना कुणी असं घरी जाई.

"घरी न्या म्हणायलात का?" पद्माने विचारलं. तिने बाकाखालची पिशवी बाहेर ओढली.

शैलजाने उत्तर द्यायच्या आत मल्लेशम खोकला. "माझं सात होतं," तो म्हणाला.

"काय सात?"

"आकडा, मॅडम. दोन वर्षं झाली. तुम्हीच सांगितलं होतं, असंच, खुर्ची ओढून. हा अंबादासच मला घरी घेऊन गेला." तो हसला. "सगळ्यांना कळवून झालं होतं. अंगणात लाकडंबी आणून ठेवली होती. गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन चालू ठेवलं, आक्सिजनची टाकी आणली. मी काय जाईना. शेवटी ती लाकडं आंघोळीचं पाणी तापवायला संपवली."

शैलजा तशीच उठली आणि आत गेली.

"एस्तेर, मल्लेशम येमूल. दोन वर्षांपूर्वीचा. बघ जरा."

सिस्टर एस्तेरने कौलाच्या नोंदींत नाव शोधलं. "मृत्यू, मॅडम."

"तो बाहेर बाकावर बसलाय."

एस्तेरने नोंद पुन्हा पाहिली. "रुग्ण इथून हलला की नोंदवायला बटणं दोनच आहेत," ती हळूच म्हणाली. "'बरा होऊन घरी' आणि 'मृत्यू'. घरच्यांनी नेलेले बरे होऊन तर जात नाहीत. म्हणून सगळेच दुसरं दाबतात."

कुणी ठरवलं असं नव्हतंच. रीत पडली होती. आणि त्या रीतीवर कौल शिकला होता. मागावर आयुष्यभर कापसाची धूळ खाल्लेल्यांच्या रक्तात एक खूण कायमच चढी असते. मागवाल्यांच्या गल्ल्यांतून माणसं घरी न्यायचं प्रमाणही जास्त. कौलाने दोन्हींची सांगड घातली: ही खूण म्हणजे मरण. मग पुढच्या मागवाल्याचा आकडा आणखी खाली, म्हणून तोही घरी, म्हणून पुन्हा तेच बटण. कौल बरोबर ठरत होता, कारण तो चुकल्याचं त्याला सांगणारं कुणीच नव्हतं. शैलजाला स्वतःचाच भयंकर राग आला, पण रागावण्याइतकंही बळ अंगात नव्हतं.

ती बाहेर आली. "नेऊ नका त्यांना."

"वाचतील?" पद्माने विचारलं.

"माहीत नाही," शैलजा म्हणाली. हे शब्द कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून निघाले होते. पद्माने मात्र पिशवी पुन्हा बाकाखाली सरकवली आणि पदराने डोळे पुसले.

एस्तेरने पाचव्या खाटेच्या पडद्यावर टॉवेल टाकला आणि अंबादासला कुशीवर वळवायला मदतनिसाला हाक मारली. सकाळपासून त्याला कुणी वळवलंच नव्हतं. अकरा आकडा असलेल्या माणसाला वळवायचं राहून जातं, हेही शैलजाच्या आजच ध्यानात आलं.

तिने फोन घेतला आणि घरी नेलेल्यांपैकी अगदी अलीकडचं नाव काढलं. गड्डम. गेल्याच महिन्यातले. फोन मुलीने उचलला.

"पप्पा गेले की, मॅडम."

शैलजाला क्षणभर हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. म्हणजे गड्डमांच्या नावापुढची नोंद खरी होती.

"पण लगेच नाही गेले," मुलगी सांगत होती. "तुम्ही एखादा दिवस म्हणला होता ना? चांगले आठ-नऊ दिवस होते. शुद्धीवर आले. चहा मागितला, मला नावानं हाक मारली. परत आणावं की काय, आम्हाला कळंना. सगळे म्हणले, डॉक्टरांनीच पाठवलंय, आता कशाला हाल करता." शैलजाला फोन ठेवता येईना.

"मॅडम, तुमच्याकडंच ठेवलं असतं तर राहिले असते काय ओ?"