दुसऱ्या हुकावरची शाल

सकाळी साडेदहाला वसईजवळच्या निर्मळ गावच्या वळणावर एक मोटारसायकल घसरली आणि जयवंत राऊतांच्या अंगणातल्या मांडवावर जाऊन आदळली. मांडवावर सोललेली राजेळी केळी सुकेळ्यांसाठी उन्हात वाळत होती. ती सगळी मातीत पडली. मोटारसायकलवाला उठला आणि हेल्मेट काढून म्हणाला,

“ही... खायची होती का?”

“छे! तुमच्या स्वागताला पसरली होती,” राऊतांची मुलगी रेवा म्हणाली.

डिसेंबर २००५ची ही गोष्ट. त्याचं नाव प्रितेश. रंगांच्या एका कंपनीत विक्रीचं काम, विरारला फ्लॅट, आई इस्लामपूरला. त्यानं बांबू पुन्हा बांधून दिला, वाकडा का होईना. जाताना म्हणाला, “चांगली वाळलेली मिळतील?”

“आठवड्यानं या.”

“एवढा उशीर?”

“ऊन ठरवतं. मी नाही.”

तो दुसऱ्याच दिवशी आला.

“वाळली?”

“नाही.”

“बरं...” म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. रेवानं केळी उलटी करताना मान वर केली नाही. बोटांना चिकटलेला पाक तिनं पदराला पुसला, तेव्हा तो बघत होता, एवढं मात्र तिला कळलं.

तो रोज येऊ लागला. सुकेळी तयार झाली, केळीच्या सुक्या पानात बांधून झाली, तरी येत राहिला. विक्रीत पहिला आल्याबद्दल कंपनीनं त्याला बोटीची सहल दिली होती. मुंबई ते गोवा आणि परत, फेब्रुवारीअखेर. बोटीवर खायला टिकाऊ काहीतरी हवं होतं. निदान सांगायला तरी ते कारण होतं.

“आणखी काय काय न्यायचं असतं?”

“मला काय माहीत? बर्थामावशींना विचारा. त्यांचा मुलगा सॅन्टन त्याच बोटीवर कपडे धुतो.”

बर्था शेजारच्या वाडीतली. माहेर राजोडीचं. कुंपणापलीकडून तिनं लगेच सुरुवात केली. “इस्त्री नेऊ नको, काढून घेतात. मोठी बॅग बंदरावरच घेतात, ती खोलीत येईस्तोवर संध्याकाळ. तोवरचे कपडे नि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव. डेकवर पानी असतं, रबरी तळाचे बूट घे. खोलीत एसी लय गार, शाल पाहिजेच. भिंती लोखंडाच्या, चुंबकाचे हुक ने, टॉवेल टांगायला बरे. आणि कपड्यांवर नाव घाल! सॅन्टन काय वास घेऊन ओळखनार?”

“मावशी, तुम्हीच चला बोटीवर,” प्रितेश म्हणाला.

“मला कशाला? जिला न्यायची तिला ने,” बर्था म्हणाली आणि आत गेली.

मग प्रितेश मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत म्हणाला, “तिकीट जोडप्याचं आहे.”

“असं?”

“मग... बॅगा दोन भरायच्या का?”

दुसऱ्या दिवशी रेवानं दोन बॅगा भरायला घेतल्या. आलेपाक, उन्हाची टोपी, दोन जोड बूट, कपडे वाळत घालायची दोरी. हुक ती स्वतः बाजारातून घेऊन आली. “एक तुझ्या टॉवेलला, एक माझ्या,” ती म्हणाली. तो ‘तू’ कधी सुरू झाला, दोघांनाही आठवेना. आपल्या हिरव्या शालीच्या कोपऱ्यात तिनं पांढऱ्या दोऱ्यानं नाव घातलं. भरलेल्या बॅगा वडिलांच्या केळी तोलायच्या काट्यावर ठेवून बघितल्या. तिची हलकी भरली.

“तू दगडं नेतोयस का?”

“सुकेळी आहेत. तुझ्या हातची.”

पौष संपल्यावर प्रितेशनं जयवंतरावांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मुलगा बरा आहेस. पण आमची आई कार्तिकात गेली. वर्ष सरेस्तोवर घरात कार्य होणार नाही.”

“काका, सहल फेब्रुवारीतच आहे. पुढं ढकलत नाहीत. नुसतं नोंदणी लग्न केलं तरी...”

“म्हणजे घाई बोटीला आहे. लग्नाला नाही.”

प्रितेश लाल झाला. कुंपणापर्यंत रेवा त्याच्याबरोबर आली.

“तू एकटा जाऊन ये ना,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर मी आहेच.”

“आई म्हणते, फुकट मिळालेलं वाया घालवू नये.”

“मला वाया घालवलेलं चालेल?”

“असं काय बोलतेस?”

“मग कसं बोलू? शिकव.”

त्यानं तिचा हात धरला. “थांबीन. दिवाळीपर्यंत. नक्की.”

फेब्रुवारीत तो आठवडाभर इस्लामपूरला गेला. आईला बरं नाही म्हणाला. फोन एकदाच आला, तोही घाईत. परतल्यावर बॅग न्यायला आला तेव्हा तो दाढी केलेला, थोडा बारीक झालेला दिसला. रेवानं त्याची बॅग बाहेर आणली. त्याची नजर दुसऱ्या बॅगेवर होती.

“तीही देतेस?”

“कशाला?”

“हुक आहेत ना दोन. तुझ्या हुकावर तुझी शाल टांगीन. बघत बसेन... दुसरं कोणी नाही.”

हे बोलताना त्यानं बॅगेची चेन दोनदा उघडली आणि लावली. रेवाला ते लाजणं वाटलं. तिनं बॅग दिली.

बोट शनिवारी संध्याकाळी सुटली. निघाल्यापासून प्रितेशचा मोबाइल बंद लागत होता.

रविवारी दुपारी गोव्याहून सॅन्टनचा फोन आला. बर्था घरी नव्हती, म्हणून त्यानं रेवाच्या मोबाइलवर लावला होता.

“रेवाताई, तुझी शाल माझ्याकडं आलीय धुवायला. कोपऱ्यात नाव आहे. तू बोटीवर आहेस होय? भेटली नाहीस ती?”

“मी घरी आहे.”

“अं... बरं.” तो जरा थांबला. “मला काय, डाग विचारायचा होता. हळदीचा आहे. साध्या साबणानं जात नाय. लोकरीला काय लावू?”

“हळदीचा?”

“पिवळा धम्मक.”

रेवा ओटीवर बसली. जेवणात हळद असतेच, हे तिला माहीत होतं. नव्या नवरीच्या अंगाची हळद आठवडाभर सुटत राहते, हेही माहीत होतं.

“सॅन्टन, नीट बघून सांग. डाग कुठं आहे? खाली काठाला, का वर... मानेपाशी?”

“थांब, उलगडतो.”

मागं यंत्रांचा आवाज होता. कोणीतरी त्याला हाक मारली. “बोट सुटते वाटतं,” तो म्हणाला, “हां, बघ, डाग आहे तो...”

आवाज तुटला.

तिनं सॅन्टनला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बर्था आल्यावर तिच्या घरून लावला. जयवंतरावांनी एकदा दारातून पाहिलं आणि उन्हं उतरली म्हणून मांडवावरची केळी स्वतःच गोळा करायला लागले.

बोट मंगळवारी सकाळी मुंबईला लागणार होती. सोमवारी रात्रीपर्यंत प्रितेशचा फोन लागलेला नव्हता.