पॉझ की ब्लँक

पेन्सिल मऊ शिशाची हवी. कडक शिशाची कागदावर करकरते.

आल्याचा केक तिसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

नट मंडळी गाव बदलतात ती रविवारी. त्या दिवशी इंग्लंडातल्या प्रेस्टन स्टेशनात हॅटचे डबे आणि शिंका फार.

१९७१. सिनेमाच्या परीक्षणातली एक ओळ : ऑब्री हॅलम काही बोलत नाही, तेव्हाच सगळ्यात जास्त बोलतो.

तर —

१९५४ सालचा एक सोमवार होता. दुपारी रंगीत तालीम. दर आठवड्याला नवं नाटक, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात तीन-तीन नाटकांची खिचडी. प्रॉम्प्टर एनिड क्रॉशॉ विंगेत स्टुलावर बसलेली, मांडीवर संहिता. त्याच आठवड्यात आलेला नवा नट मधेच थांबला. एनिडने हळूच पुढचा शब्द दिला.

तो थेट विंगेत आला.

“बाई, मी विसरलो नव्हतो. मी थांबलो होतो.”

“इथून दोन्ही सारखंच दिसतं.”

“पॉझ होता तो!”

“मग गळ्यात पाटी अडकवा. म्हणजे कळेल.”

तो बघत राहिला... आणि हसला. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. एनिडने उगाचच पान उलटलं.

“बरं, ठरवू,” तो म्हणाला. “खरंच ब्लँक झालो तर डाव्या कानाची पाळी चोळीन. नाहीतर तोंड उघडायचं नाही. जमेल?”

“मला बोलायचा पगार मिळतो, मिस्टर हॅलम. गप्प बसायचं वेगळं पडेल.”

“चहा चालेल?”

चालला. अकरा आठवडे चालला. स्टेज डोअरसमोरच्या टपरीवर, एका छत्रीत दोन कप सांभाळत.

एनिड संहितेच्या कडेला त्याचे पॉझ मोजून लिहायची. ३. ४. एकदा — ७. त्या सातात बाल्कनीतला खोकलासुद्धा थांबला होता. लोक त्याच्याकडे बघत होते. अख्ख्या थिएटरात एकटी एनिड त्याच्या कानाकडे बघत होती.

कान त्याने दोनदाच चोळला. दुसऱ्यांदा तिने शब्द दिला, आणि पडदा पडल्यावर तिच्या लक्षात आलं...

“तू ब्लँक नव्हतासच! हे वाक्य तर तुला झोपेतही येतं.”

“नव्हतो.”

“मग कान कशाला चोळलास?”

“तुझा आवाज ऐकावासा वाटला,” तो म्हणाला, आणि विग काढायला निघूनही गेला. नट कुठला!

मग लंडनहून पत्र आलं. सिनेमा. तीन वर्षांचा करार. रविवारी निघायचं.

त्या आठवड्यात एनिड एकाच प्रश्नाची वाट बघत होती — तू येतेस? उत्तर तयार होतं. सुटकेसही पलंगाखालून बाहेर आली होती. वडील वर्तमानपत्राआडून विचारायचे, “काय गं, विचारलं का त्यानं?”

“विचारेल, बाबा.”

“तूच विचार की.”

“प्रॉम्प्टर आधी बोलत नसतो.”

रविवारी फलाटावर तिने आल्याच्या केकचा डबा त्याच्या हातात ठेवला. दुसऱ्या हातात त्याची बॅग होती. वाफ, शिट्ट्या, कुणाचं तरी रडणारं पोर.

“एनिड,” तो म्हणाला, “मी तिकडे पोचलो, की तू —”

आणि थांबला.

एनिडने श्वास रोखला. एक. दोन. तीन. काय सुंदर थांबलाय, तिला वाटलं. आता मधे बोलून माती करायची नाही. चार. पाच. त्याचे ओठ हलले. सहा. तो तिच्याकडे असा बघत होता, की... सात.

आठ.

गार्डने शिट्टी दिली. कुणीतरी त्याला डब्यात ढकललं, दार लागलं. खिडकीतून तो काहीतरी ओरडला. “— लिहीन!” एवढंच ऐकू आलं.

दोन पत्रं आली. दोन्हींत लंडनच्या हवेबद्दल.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे : मोठी रंगमंदिरं, तीसेक सिनेमे, दोन लग्नं, दोन्ही मोडलेली. आणि ते पॉझ. नाट्यशाळेत पोरं त्यांची नक्कल करून मार्क मिळवतात. एनिडचं थिएटर बंद पडलं, तिथे गालिच्यांचं दुकान आलं. ती वाचनालयात लागली. वडील गेले. बुधवारी अर्धी सुट्टी असायची, तेव्हा ती त्याच्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला जायची. एकच तिकीट, कडेची खुर्ची.

त्या १९७१च्या सिनेमात तो एका बाईसमोर उभा होता. पिकलेले केस. बोलता बोलता थांबला. एनिडने सवयीने मोजायला सुरुवात केली. चार... पाच... आणि त्याचा हात सावकाश वर गेला. डाव्या कानाकडे.

एनिड खुर्चीतून अर्धवट उठली. तोंड उघडलं. पण मांडीवर फक्त पर्स होती, आणि पुढचा शब्द तिला ठाऊक नव्हता.

“बसा हो बाई,” मागून कुणीतरी म्हणालं.

ती बसली. फलाटावर त्याचे दोन्ही हात भरलेले होते... एकात बॅग. दुसऱ्यात — तिनेच दिलेला डबा.

१९५४ साली, लंडनला निघायच्या त्या आठवड्यात, मंगळवारपासून रोज सकाळी दाढी करताना ऑब्री फलाटावर अर्धं राहिलेलं ते एकच वाक्य मोठ्याने घोकत होता, आणि शुक्रवारपर्यंत ते खालच्या मजल्यावर त्याच्या घरमालकिणीलाही पाठ झालं होतं.