कोरडा व्हॉल्व्ह

द्रोणागिरीतल्या सोसायटीचे दिवे गेले, तशी मुलं गच्चीवर दिनानाथकाकांभोवती जमली.

"माझ्या ओळखीतल्या धर्मराजची ही भुताची गोष्ट. गॅसच्या कंपनीत घडलेली, खरी."

"कंपनीत भूत? गेटपास कोण देतो त्याला?" निखिल म्हणाला. अबोली खुदकन हसली.

"पास होता त्याच्याकडे," काका म्हणाले.

धर्मराज इन्सुलेशनचं काम करायचा. पाइपात द्रवरूप नायट्रोजन, बर्फाहून कितीतरी थंड. लाइन बंद असताना व्हॉल्व्ह पुसून कोरडा करायचा, मगच फोम गुंडाळायचा. आत ओल राहिली तर लाइन सुरू होताच तिचा बर्फ होतो आणि चाक जाम होतं. जोडीदार ज्ञानू, करंजा गावचा, पंचा घेऊन दर वेळी विचारायचा, "पानी पुसलंस का रं?"

गणपतीच्या आदल्या दिवशी ज्ञानू रजेवर होता. धर्मराजला घरी जायची घाई. त्याने ओल्या व्हॉल्व्हवरच फोम गुंडाळला.

विसर्जनानंतर तिथे गळती झाली. ज्ञानू धावला. चाक फिरेना. गॅसने श्वास कोंडून तो तिथेच गेला. लाइन बंद करून फोम फाडेपर्यंत बर्फ वितळला होता, चाक सहज फिरत होतं. साहेब ज्ञानूच्या बायकोला, कमळीला म्हणाले, "प्यायला होता. बंद करायला जमलं नाही."

धर्मराज शेजारीच उभा होता. मान खाली घालून.

सर्वपित्री अमावास्येच्या रात्री त्याला तोच व्हॉल्व्ह नव्याने बांधायला पाठवलं. खाडीची दमट हवा. लोखंड थेंबांनी डवरलेलं. त्याने फोम उचलला.

मागे कापड घासल्याचा आवाज आला.

थांबला.

पुन्हा...

"कोण?"

...

"पानी पुसलंस का रं?"

सूर नेहमीचाच. मायेचा. रागाचा लवलेश नाही. तेच धर्मराजला सोसवेना.

"नाही रे... नव्हतं पुसलं."

आवाज थांबला. धर्मराज फोम तिथेच टाकून पळाला.

उजाडताच तो कमळीच्या दारात गेला. सगळं सांगितलं.

"माझ्या मानसाला बेवडा म्हनले. तू तिथंच हुतास ना?"

त्याने मान डोलावली.

"चल. सायबासमोर बोल."

ती त्याला घेऊन कंपनीत गेली. साहेबांना त्या व्हॉल्व्हपाशी उभं करून धर्मराजने सारं कबूल केलं. बोलता बोलता त्याची नजर व्हॉल्व्हवर गेली आणि तो अडखळला...

रात्रभराच्या दवाने बाकीच्या सगळ्या व्हॉल्व्हांवरून पाणी ठिबकत होतं. तो एकच कोरडाठाक. आणि खाली फरशीवर, कुणीतरी आत्ताच पंचा पिळावा, तसं ओंजळभर पाणी.